ज्यूद्वेष परत येतोय, मग लोकशाही नक्की कशावर उभी आहे?

लाइपझिगकर

जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या शहरांत सिनेगॉगबाहेर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेर, पोलीस उभा असतो. ज्यू शाळेबाहेर आणि ज्यू बालवाडीबाहेरही असतो. चर्चबाहेर नसतो. हे ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्यानंतर सुरू झालेलं नाही, कित्येक दशकं असंच चालू आहे. लोकांना त्याची इतकी सवय झाली आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही.

आमच्या शेजारच्या हाले शहरात ९ ऑक्टोबर २०१९ ला मात्र सिनेगॉगबाहेर पोलीस नव्हता. योम किप्पूरचा, ज्यूंचा सर्वात पवित्र दिवस होता, आत पन्नासेक माणसं प्रार्थनेला बसली होती. सत्तावीस वर्षांचा एक तरुण घरी बनवलेल्या बंदुका घेऊन आला आणि सगळा प्रकार इंटरनेटवर थेट दाखवत राहिला. लाकडी दार फुटलं नाही, म्हणून आतले वाचले. मग त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला मारलं आणि जवळच्या डोनर कबाबच्या दुकानात जाऊन तिथल्या एका तरुणाला मारलं.

या देशात शाळेत नाझी काळ शिकवतात. होलोकॉस्ट नाकारणं गुन्हा आहे. बर्लिनच्या मधोमध २,७११ काँक्रीटच्या शिळांचं स्मारक आहे. मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेले एक लाखाहून जास्त पितळी दगड जर्मनीत आणि आसपासच्या देशांत लोकांच्या दारांपुढे बसवलेत. तरी २०२४ मध्ये ज्यूद्वेषाच्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या 'रिआस' संस्थेकडे आठ हजार सहाशेहून अधिक घटना आल्या. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी या कट्टर उजव्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली आणि तो पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. याच पक्षाचे नेते गाउलांड २०१८ मध्ये म्हणाले होते की जर्मनीच्या हजार वर्षांच्या यशस्वी इतिहासात हिटलर आणि नाझी म्हणजे पक्ष्याची विष्ठा, एवढंच.

ज्या समाजाने या रोगाचा सर्वात जास्त अभ्यास केला, त्यालाच तो पुन्हा होत असेल, तर लोकशाही कशाच्या बळावर टिकते? कायद्याच्या, शाळेच्या, की आणखी कशाच्या? जाणकारांनी लिहावं.

---

मुळामुठा

वाचतेय. ते दार आता कुठे आहे?

---

लाइपझिगकर

@मुळामुठा, बदललं. गोळ्यांच्या खुणा असलेलं जुनं दार स्मारक म्हणून सिनेगॉगच्या आवारात उभं केलंय.

---

पानगळ

महत्त्वाचा धागा. मी इतिहास शिकवते, म्हणून जरा सविस्तर.

हिटलरने बंड करून सत्ता घेतली असं अनेकांना वाटतं. बंड त्याने १९२३ मध्ये म्युनिकला करून पाहिलं होतं आणि ते फसलं होतं. १९३३ मध्ये त्याला सत्ता दिली गेली. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ३७ टक्के मतं होती, नोव्हेंबरात ती ३३ वर आली होती. म्हणजे पक्ष उतरणीला लागला होता. अशा वेळी माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या भोवतीच्या मंडळींना वाटलं की याला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, करू, मंत्रिमंडळात आपली माणसं जास्त ठेवू आणि त्याच्या गर्दीचा फायदा आपण उचलू. ३० जानेवारी १९३३ ला शपथविधी झाला. २७ फेब्रुवारीला राइश्टागला, म्हणजे संसदभवनाला, आग लागली. दुसऱ्याच दिवशी वायमार घटनेच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन घटनेच्या, कलम ४८ खाली वटहुकूम निघाला आणि नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी सगळे अधिकार सरकारच्या हाती दिले. शपथेपासून इथवर यायला दोन महिनेही लागले नाहीत.

ती ९४ मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात होते, नाहीतर लपले होते. सभागृहात नाझी गणवेशातले लोक उभे असताना ओटो व्हेल्स बोलायला उठले आणि म्हणाले, आमचं स्वातंत्र्य आणि आमचा जीव हिरावून घेता येईल, आमची अब्रू नाही. हे भाषण मी दर वर्षी वर्गात वाचते आणि दर वर्षी माझा आवाज जड होतो.

आता ज्यूंबद्दल. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा. ज्यूंची संख्या लोकसंख्येच्या एक टक्कासुद्धा नव्हती. ज्या समाजाचा कुणाला अडथळा होण्याचं कारणच नव्हतं, त्याच्यावर पहिली कुऱ्हाड पडली, कारण युद्धातली हार, महागाई, बेकारी या सगळ्याचं एकच उत्तर नाझींनी वर्षानुवर्षं लोकांना पुरवलं होतं. उत्तर आधीच ठरलेलं असलं की सरकारला प्रश्न विचारायचं काही कारण उरत नाही. ज्यूद्वेष आणि लोकशाहीचा ऱ्हास हे दोन वेगळे विषय मला वाटत नाहीत ते यासाठी.

---

रोखठोक_राम

सगळं मान्य. पण दुसरी बाजूही लिहा ना. साठ लाख बेकार होते, हिटलरने त्यांना काम दिलं. ऑटोबान, म्हणजे महामार्ग बांधले. देश उभा केला. चुका झाल्या, पण शिस्त होती. आपल्याकडेही पाच वर्षं असा कुणी हवा.

---

पानगळ

@रोखठोक_राम, कोलोन ते बॉन हा तसाच महामार्ग ऑगस्ट १९३२ मध्ये सुरू झाला, हिटलर सत्तेवर येण्याआधी. उद्घाटन केलं कोलोनच्या महापौरांनी, म्हणजे आडेनाउअर यांनी, जे युद्धानंतर लोकशाही जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. मंदी १९३२ च्या अखेरीस ओसरू लागलीच होती. पुढचा रोजगार आला तो बराचसा शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतून आणि सक्तीच्या लष्करभरतीतून, तोही कर्ज लपवणाऱ्या हुंड्या काढून. नोकरीवरून काढलेले ज्यू आणि घरी बसवलेल्या स्त्रिया बेकारांच्या यादीत धरल्याच गेल्या नाहीत. बारा वर्षांनी त्या 'उभ्या केलेल्या' देशाच्या शहरांत घरांपेक्षा ढिगारे जास्त होते.

आणि साठ लाख ज्यूंचा खून 'चुका झाल्या' या दोन शब्दांत बसत नाही.

---

रोखठोक_राम

खुनाचं समर्थन मी केलेलं नाही. कणखर नेतृत्वाबद्दल बोलतोय. आपली लोकशाही म्हणजे नुसता गोंधळ, हे माझं मत कायम आहे.

---

शेवंती

राम यांच्यासारखं बोलणारे माझ्या घरीही आहेत, म्हणून लिहिते. आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र फुटपाथवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मिळतं. २००६ मध्ये नवी मुंबईत एका हॉटेलला आणि २०१२ मध्ये अहमदाबादेत कपड्यांच्या दुकानाला त्याचं नाव दिलं होतं. ज्यू समाजाने हात जोडून विनंती केल्यावर, बातम्या झाल्यावर ती नावं बदलली. त्या दुकानदारांच्या मनात ज्यूंबद्दल द्वेष असेल असं मला वाटत नाही. पण काय घडलं याची जाणीवच नसणं हेही भयंकर आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं होतं की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. 'असा कुणी हवा' याला ते उत्तर पुरेसं आहे.

---

नवगावकर

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी आमची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. आमची आडनावंही गावांवरून पडली: चेऊलकर, रोहेकर, पेणकर. मुंबईचं शार हरहमीम सिनेगॉग १७९६ चं. १९३७ मध्ये मुंबईला डॉ. ई. मोझेस महापौर लाभले. कोकणात आमच्या लोकांना ज्यू म्हणून कुणी मारलं, हाकललं, वस्ती जाळली, असं घडलं नाही. जगात फार थोड्या ज्यू समाजांना हे म्हणता येतं, आणि मी ते अभिमानाने सांगतो.

पण २६ नोव्हेंबर २००८ विसरू नका. एवढ्या मोठ्या मुंबईत लष्कर-ए-तय्यबाने कुलाब्याच्या एका गल्लीतलं नरिमन हाउस हे ज्यू केंद्र शोधून काढलं. ताज, सीएसटी, कॅफे अशी गर्दीची ठिकाणं समजू शकतो. ती गल्ली तिथे राहणाऱ्यांखेरीज फारशी कुणाला ठाऊकही नव्हती. तिथे ज्यू सापडतील म्हणूनच ते गेले. हा ज्यूद्वेष आमच्या मातीतला नव्हता, बाहेरून आला. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगांबाहेरही बंदोबस्त असतो. धागाकर्त्यांनी जर्मनीबद्दल लिहिलं ते वाचताना मला आमची शनिवारची सकाळ आठवली.

---

खवय्या_खंडू

नवगावकर, स्वागत! अवांतर: तुमचा पोह्यांचा प्रसाद, मलिदा, कसा करतात ते एकदा सविस्तर लिहा. धागा गंभीर आहे, पण पोहे, नारळ आणि ज्यूंचे प्रेषित एलियाहू हानाव्ही यांची भेट जगात फक्त कोकणातच होऊ शकते :)

---

नवगावकर

लिहितो, पण पाककृती विभागात. नाहीतर संपादक आपल्या दोघांनाही बाहेर काढतील :)

---

प्राजक्त

एक वेगळा मुद्दा, आणि शांतपणे वाचावा ही विनंती. 'रिआस'च्या आकड्यांत बहुसंख्य घटना 'इस्रायलशी संबंधित' या वर्गात आहेत. त्यांत सिनेगॉगवर फेकलेले पेट्रोलबाँबही आहेत आणि मोर्च्यातल्या घोषणाही. गाझात हजारो मुलं मारली गेली. त्यावर बोललं की ज्यूद्वेष्टा ठरवायचं, हे जर्मनीत सर्रास चाललंय. बुंडेस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्यूद्वेषाविरुद्ध ठराव केला, त्यावर जर्मनीतल्याच अनेक ज्यू लेखक-कलावंतांनी आक्षेप घेतला, की याने अभिव्यक्तीचा गळा आवळला जाईल. लोकशाही अशानेही ठिसूळ होते ना?

---

एडिसनवासी

@प्राजक्त, अर्धं पटलं. नेतन्याहू सरकारवर कठोरातली कठोर टीका करणं हा ज्यूद्वेष नाही. खुद्द इस्रायलमध्ये २०२३ मध्ये न्यायालयांचे अधिकार कमी करण्याविरुद्ध महिनोन् महिने लाखो लोक रस्त्यावर होते.

पण रेषा कुठे ओलांडली जाते तेही बघू या. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनमध्ये काही घरांच्या दारांवर डेव्हिडचा तारा, ज्यूंचं चिन्ह, रंगवला गेला. त्या घरात राहणाऱ्याने गाझावर बाँब टाकला नव्हता. २ ऑक्टोबर २०२५ ला, पुन्हा योम किप्पूरलाच, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला झाला. आत जमलेले लोक कुठल्याही सरकारचे प्रतिनिधी नव्हते. दूरच्या एका सरकारच्या कृत्याचा हिशेब शेजारच्या ज्यू म्हातारीकडे मागितला की ती टीका राहत नाही.

---

प्राजक्त

@एडिसनवासी, दारांवरच्या ताऱ्यांबाबत पूर्ण सहमत, ते किळसवाणं होतं. माझं म्हणणं इतकंच की या दोन गोष्टी सरकारने एका पोत्यात घालू नयेत. तसं झालं की खरा ज्यूद्वेष ओळखणं आणखी अवघड होतं आणि तरुणांचा त्या शब्दावरचा विश्वास उडतो.

---

नवगावकर

माझे चुलतभाऊ इस्रायलमध्ये अश्दोदला असतात. युद्धात त्यांची मुलं रात्र रात्र निवाऱ्यात काढत होती. गाझातली मुलं पाहून त्यांच्याही डोळ्यांत पाणी येतं, हे मी फोनवर ऐकलंय. प्राजक्त, तुम्ही मांडलंत ते मला लागलं नाही. लागतं ते वेगळं. '७ ऑक्टोबरला बाराशे माणसं मारली गेली' असं म्हटलं की पुढचं वाक्य 'पण' ने सुरू होतं. आमच्या मृतांना एक पूर्णविराम मिळावा, एवढंच.

---

मुळामुठा

नवगावकर __/\__

---

एडिसनवासी

मूळ प्रश्नाशी जोडून आणखी लिहितो, कारण तो आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांच्याही अंगावर येणारा आहे.

ऑगस्ट २०१७, अमेरिकेतलं शार्लट्सव्हिल. मशाली घेतलेले गोरे तरुण ओरडत होते, 'ज्यू आमची जागा घेणार नाहीत.' त्यामागची धारणा अशी की गौरवर्णीयांना हटवण्यासाठी ज्यू लोक स्थलांतरितांना आणतायत. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांना मारणाऱ्याचा राग कशावर होता? निर्वासितांना मदत करणाऱ्या 'हायस' या ज्यू संस्थेवर. हालेचा मारेकरीही स्थलांतर, स्त्रीवाद या सगळ्याच्या मुळाशी ज्यू आहेत असं कॅमेऱ्यात बोलला, आणि सिनेगॉगचं दार उघडेना म्हणून कबाबच्या दुकानाकडे वळला. ते वळणं अपघाती नव्हतं. त्याच्या डोक्यात ते एकच लक्ष्य होतं. चार महिन्यांनी, १९ फेब्रुवारी २०२० ला, जर्मनीतल्याच हानाउमध्ये नऊ जणांना मारलं गेलं ते स्थलांतरित कुटुंबांतले म्हणून.

त्या सिद्धांतात ज्यू 'कट करणारे' आहेत आणि आपण, काळ्यासावळ्या कातडीचे, त्या कटाचं हत्यार. आमच्या भागातले काही देशी काका व्हॉट्सॅपवर अब्जाधीश ज्यू दानशूर जॉर्ज सोरोसच्या कटांच्या कहाण्या फॉरवर्ड करतात, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटतं की ही गोष्ट जिथे जन्मली तिथे तिच्यात खलनायक तुम्हीही आहात.

---

पानगळ

सोरोसवरून हंगेरी. ते बुडापेस्टचे, १९३० चा जन्म, लहानपणी नाझींच्या तावडीतून वाचलेले. त्यांच्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर १९८९ मध्ये ऑक्सफर्डला गेलेल्या तरुणांत पुढे हंगेरीचे पंतप्रधान झालेले व्हिक्टोर ओर्बान होते. २०१० मध्ये ओर्बान यांच्या पक्षाला सुमारे ५३ टक्के मतांवर दोन तृतीयांश जागा मिळाल्या. मग नवी घटना, घटना न्यायालयात आपली माणसं, माध्यमं मित्रांच्या हाती. २०१७ मध्ये देशभर हसऱ्या सोरोसचे सरकारी फलक लागले: याला शेवटी हसू देऊ नका. 'ज्यू' हा शब्द फलकावर कुठेच नव्हता, पण हंगेरीच्या ज्यू संघटनेने ते फलक काढायची मागणी केली. सोरोसने स्थापलेल्या विद्यापीठाला व्हिएन्नाला जावं लागलं.

आणि हे सगळं चालू असताना ओर्बान नेतन्याहूंचे जवळचे मित्र होते. एएफडीही स्वतःला इस्रायलचा पाठीराखा म्हणवतो. म्हणून 'आम्ही इस्रायलच्या बाजूचे' हा ज्यूद्वेष नसल्याचा पुरावा मानायचं कारण नाही.

---

कलमबहाद्दर

उशिरा आलो. धागाकर्त्यांच्या 'कायदा की शाळा' यातल्या कायद्याबद्दल.

१९४९ चा जर्मन मूलभूत कायदा, म्हणजे त्यांची घटना, वायमारची फट न् फट बुजवायच्या हेतूने लिहिला गेला. पाच टक्क्यांखालच्या पक्षांना सहसा संसदेत जागा नाही, हा निवडणूक कायदाही त्याच विचारातला. चॅन्सेलरला पाडायचं तर पर्यायी चॅन्सेलर आधी निवडावा लागतो. लोकशाही व्यवस्थाच मोडू पाहणाऱ्या पक्षावर घटना न्यायालय बंदी घालू शकतं: १९५२ मध्ये नाझींच्या वारस पक्षावर घातली, १९५६ मध्ये कम्युनिस्टांवर. २०१७ मध्ये एनपीडी या नवनाझी पक्षावर मात्र घातली नाही, कारण हेतू घटनाविरोधी असला तरी तो साधण्याइतकं बळ त्या पक्षात नाही असं न्यायालय म्हणालं. मानवी प्रतिष्ठेचं पहिलं कलम कुठल्याही बहुमताने बदलता येत नाही.

आपलं यात नातं आहे. डीटर कॉनराड हे जर्मन कायदेपंडित १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर बोलले. तो विचार आपल्या न्यायालयात पोचला आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालात 'मूलभूत चौकट' आली, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला बदलता येत नाही हे तत्त्व. उलट बाजूही सांगतो. १९४९ मध्ये आपल्या घटना समितीत ह. वि. कामथ यांनी बजावलं होतं की आणीबाणीच्या तरतुदींना जवळचं उदाहरण वायमारचंच सापडतं, आणि त्याच तरतुदींचा फायदा हिटलरने घेतला. पुढे १९७५ मध्ये स्वतः कामथ तुरुंगात गेले. राम, 'कणखर पाच वर्षं' मागताना ते एकवीस महिनेही आठवा.

---

रोखठोक_राम

आणीबाणीत माझे मामा आत होते. ते मला सांगायची गरज नाही.

---

शेवंती

@रोखठोक_राम, मग त्यांना विचारून बघा, 'कणखर' म्हणजे आतून काय दिसतं. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, खरंच विचारा, आणि जमलं तर इथे लिहा.

---

लाइपझिगकर

प्रतिसाद वाचताना जाणवलं की 'शाळा की कायदा' याच्या मधली एक गोष्ट पानगळ यांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितली होती: पापेन. दार आतून कोण उघडतं?

आमच्या शेजारच्या थुरिंगिया राज्याचं बघा. नाझींना एखाद्या राज्य सरकारात पहिलं मंत्रिपद मिळालं ते इथेच, जानेवारी १९३० मध्ये. त्यांच्या फ्रिकला गृह आणि शिक्षण दोन्ही खाती दिली होती. ५ फेब्रुवारी २०२० ला याच राज्यात एफडीपी या छोट्या उदारमतवादी पक्षाचे केमेरिश एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री झाले. देशभर संताप उसळला, तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल यांनी 'अक्षम्य' म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी केमेरिश यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. पाच वर्षांनी, २९ जानेवारी २०२५ ला, मेर्झ यांच्या सीडीयू पक्षाचा स्थलांतरविरोधी ठराव बुंडेस्टागमध्ये एएफडीच्या मतांनी पास झाला. लोक याही वेळी रस्त्यावर आले, पण चारच आठवड्यांनी मेर्झ निवडणूक जिंकले. लाज वाटण्याची रेषा सरकली आहे. मला एएफडीच्या वीस टक्क्यांपेक्षा या सरकण्याची भीती जास्त वाटते.

@कलमबहाद्दर, थुरिंगियात सप्टेंबर २०२४ नंतर एएफडी पहिल्या क्रमांकावर आहे. सत्तेत नसला तरी तो काय काय अडवू शकतो?

---

कलमबहाद्दर

८८ पैकी ३२ जागा, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. जिथे दोन तृतीयांश लागतात ते सगळं अडवता येतं: राज्याच्या घटनेत दुरुस्ती, राज्याच्या घटना न्यायालयावरच्या नेमणुका. बर्लिनला, म्हणजे केंद्राला, याची धास्ती होती. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय घटना न्यायालयाची रचना, न्यायाधीशांची संख्या आणि बारा वर्षांची मुदत थेट मूलभूत कायद्यात घातली गेली. पोलंड-हंगेरीकडे पाहून घेतलेला हा शहाणपणा.

प्रत्यक्षात काय घडतं त्याचा नमुनाही थुरिंगियातच मिळाला. २६ सप्टेंबर २०२४, नव्या विधानसभेची पहिली बैठक. वयाने सर्वात ज्येष्ठ म्हणून एएफडीचे सदस्य तात्पुरत्या अध्यक्षपदी. इतर पक्षांचा प्रस्ताव ते मतदानालाच घेईनात, हजेरीही घेईनात. तासन् तास गोंधळ चालला. शेवटी सीडीयूने राज्याच्या घटना न्यायालयात धाव घेतली. २७ ला रात्री निकाल आला, २८ ला त्याच अध्यक्षाने तो पाळला आणि सीडीयूचे क्योनिग विधानसभाध्यक्ष झाले.

---

पानगळ

'पाळला' हा शब्द मी दोनदा वाचला. पुढच्या वेळी त्या खुर्चीतला माणूस म्हणाला की निकाल मानत नाही, तर कायद्यात पुढे काय आहे?

---

कलमबहाद्दर

कागदावर न्यायालय अंमलबजावणीचा आदेश काढू शकतं, आणि अगदी टोकाला केंद्र सरकारला राज्याविरुद्ध पावलं उचलता येतात. १९४९ पासून ती वेळ एकदाही आलेली नाही, म्हणून त्या तरतुदीचा कस लागलेला नाही. त्यापलीकडे विधानसभेचे कर्मचारी, दारावरचा पोलीस, नोंदी लिहिणारा कारकून यांनी कुणाचं ऐकायचं यावर सगळं येऊन थांबतं. ७ एप्रिल १९३३ चा तो कायदा आधी सरकारी नोकरांवरच का आला, ते इथे कळतं.